नळी नको म्हणताना

सुजाता, डॅनियल,

सीटी स्कॅन बघून झाल्यावर डॉक्टर तुमच्या आबांशी न बोलता माझ्याकडे वळले. तेव्हाच मला कळलं. "काकू, इंटरस्टिशिअल लंग डिसीज." म्हणजे फुफ्फुसांवर आतून व्रण पडत जातात आणि ती ताठ होतात. स्पंजाचं वाळलेलं घोसाळं होतं. "औषधानं वेग कमी होईल. गेलेलं परत येणार नाही."

घरी येताना रिक्षात आबा म्हणाले, "शेवटी मला नळी घालू देऊ नकोस. बोलता बोलता जाऊ दे."

सुरुवात कोरड्या खोकल्यानं झाली होती. औरंगपुऱ्यातून भाजी आणताना ते मध्येच थांबायला लागले, ते आम्ही वयावर ढकललं. तुमच्या घरी कुणाचा असा खोकला लांबला, तर छाती तपासून घ्या.

थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. आयसीयूत हाय फ्लो लावला, म्हणजे नाकातून जोरानं सोडलेला गरम, दमट ऑक्सिजन. बाहेरच्या बाकावर मी आणि तुमची रूथआजी. ती चर्चमधून थेट यायची, माझ्यासाठी डबा घेऊन.

दर रविवारी विहारात मी बायकांना शिकवते की दुःखाचं कारण तृष्णा. इंग्रजीत त्याला अटॅचमेंट म्हणतात, पण तृष्णा म्हणजे तहान. आयसीयूचं दार उघडलं की माझा घसा कोरडा पडायचा.

विहारात आबांसाठी परित्राण पाठ ठेवला. त्यात एक लांब पांढरा धागा सगळे हातात धरून बसतात, मग त्याचे तुकडे मनगटांवर बांधतात. रूथआजी दाराशीच अडली. "विहीणबाई, ह्याचं टोक मूर्तीपाशी आहे. मला नाही हो धरता येणार."

"नका धरू. नुसत्या बसा."

ती माझ्या शेजारी बसली आणि तिनं माझा दंड धरला. "धागा तुम्ही धरा, मी तुम्हाला धरते."

भेटीच्या वेळेत मी तो धागा आबांना बांधला. धापा टाकत ते म्हणाले, "गंडेदोरे तर आपण सोडले ना?"

"हा गंडा नाही."

"मग एवढा घट्ट का बांधतेस?"

दोन दिवसांत हात सुजला. सिस्टर म्हणाली, "आजी, रुततोय लई. कापते हं." मी म्हणाले, "थांब जरा." ती कात्री घेऊन थांबली. मला हो म्हणता येईना. शेवटी तिनंच कापला. आबांना पत्ताही नव्हता. धागा गेला तरी दम तेवढाच होता.

मग डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं. ऑक्सिजन पुरत नव्हता. व्हेंटिलेटर लावायचा, म्हणजे घशातून नळी घालून मशीननं श्वास द्यायचा. "पण नळी पुन्हा काढता येईल असं मला वाटत नाही. तुम्ही सांगा."

फोनवर तुमचे बाबा म्हणाले, "आई, ते म्हणाले होते तसं कर." आबांचं म्हणणं मला पाठ होतं, आणि तरी मला ते हवे होते, कसेही, नळीसकट.

"तुमच्यात काय सांगतात?" मी रूथआजीला विचारलं. "सोडून द्या म्हणतात का?"

"म्हणतात. पण आधी मागू देतात. पकडायला माणसं येण्याआधी येशूनं बापाजवळ मागितलंच की, हे दुःख टळू दे म्हणून. मग म्हणाला, तुझ्या मनासारखं होऊ दे. तुम्ही तर अजून मागितलंही नाही, विहीणबाई. नुसत्या शहाण्यासारख्या बसलात."

मला बुद्धांचा शिष्य आनंद आठवला. बुद्धांचा अंत जवळ आला तेव्हा तो दाराला धरून रडत होता. बुद्धांनी त्याला रडू नको म्हटलं, पण आधी जवळ बोलावून घेतलं.

मग मी रडले, त्या बाकावर, सगळ्यांच्या देखत. रूथआजी पुटपुटत प्रार्थना करत होती. तिच्या देवाजवळ मीही मागून घेतलं. मिळालं नाही.

मी उठले आणि डॉक्टरांना म्हणाले, "नळी नको."

"मग त्यांना त्रास होणार नाही असं औषध देतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही आत बसा." आयसीयूत नातेवाइकांना बसू देत नाहीत. त्यांनी स्वतः खुर्ची आणून दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा गेले. बोलता बोलता नाही, पण हात माझ्या हातात होता.

तुमच्या दोन आज्यांचे दोन धर्म. माझा म्हणतो, तहान संपली की दुःख संपतं. रूथआजीचा म्हणतो, देवच तुमच्याबरोबर दुःख सोसतो. माझी तहान अजून संपलेली नाही, आणि रूथआजीही अजून रडते. तुम्हालाही कधी कुणी असं विचारेल. तेव्हा आवाज कापेल. कापू दे. त्यानं उत्तर चुकत नाही.

तुमची आजी