सूपभर कोंडा आणि तीन आडनावं

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दारावर लावायला पितळी पाटी करायला टाकली आणि आडनावाची जागा मोकळी ठेवायला सांगितली, तिथून या प्रवासाला सुरुवात झाली. ठाण्यातला पाटीवाला म्हणाला, "आजोबा, आडनाव विसरलात की काय?" अण्णा म्हणाले, "विसरलो नाही. अजून कळायचंय. पंधरा दिवसांत सांगतो."

अण्णांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. छत्तीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या टपाल डब्यात पत्रं वर्गवार लावली. अख्ख्या महाराष्ट्राचे पिनकोड आजही पाठ. आदल्या पावसाळ्यात हृदयविकाराचा झटका आला, सौम्य होता, पण दवाखान्यातून आले ते एकच घोकत आले: "लोकांची नावं आयुष्यभर बरोबर खणात टाकली. माझं कुठल्या खणातलं तेवढं कळू दे. मग काय व्हायचं ते होऊ दे." त्या शेवटच्या वाक्याला मी घाबरले आणि तिकिटं काढली.

आमचं आडनाव तोंडवलकर. आजोबा सखाराम मालवणजवळच्या तोंडवलीहून मुंबईला गिरणीत लागले, तेव्हा हजेरीच्या कारकुनाने गाव विचारलं आणि त्यालाच 'कर' जोडून आडनाव केलं. खरं काय होतं ते सांगायला कोणी उरलंच नाही. अण्णा सहा वर्षांचे असताना आजोबा गेले, नवव्या वर्षी आजी गेली, पुढे मामाकडे वाढले. आडनावाचा घोळ एक, पण स्वतःचं नावही अण्णा कधी पूर्ण सांगत नाहीत. सगळीकडे के. एस. तोंडवलकर. कचेरीतले त्यांना जन्मभर केशवराव म्हणायचे आणि हे ओ द्यायचे. 'के' म्हणजे कोंडाजी, हे मला आठवीत रेशनकार्डावरून कळलं. त्या नावाची त्यांना लाज वाटायची. "पोराला कोंडा म्हणणारे आईबाप कसले," एवढंच एकदा म्हणाले होते.

माझ्या नवऱ्याने आम्हाला स्टेशनवर सोडताना विचारलं, "एवढ्यासाठी एवढ्या लांब? आडनावात काय आहे?" हे त्या माणसाने विचारलं ज्याने लग्नात ताटभर तांदळात अंगठीने 'शुभदा' लिहिलं आणि संध्या तोंडवलकरला एका दुपारी नाहीशी केली. मी फक्त त्याच्याकडे बघितलं. तो पाण्याची बाटली आणायला गेला.

कोणाला जायचं असेल तर सांगते. दिवसाच्या गाडीने कणकवलीला उतरायचं, स्टेशनहून रिक्षाने एसटी स्टँड, तिथून मालवणची गाडी. रस्ता वळणांचा आहे, पुढची सीट मिळवा. मालवणात साठ रुपयांत सुरमईची थाळी खाल्ली, सोलकढी दोनदा मागितली, तिसऱ्यांदा त्यांनी विचारल्याशिवायच आणली. तोंडवलीची एसटी नुकतीच गेली होती, म्हणून रिक्षा केली. रिक्षावाल्याने आडनाव विचारलं आणि सांगितल्यावर आरशातून अण्णांकडे बघत राहिला.

"तोंडवलीत तोंडवलकर नाय."

"मग कुठे आहेत?"

"मुंबयत," तो म्हणाला. "तोंडवलीत ऱ्हवणारो तोंडवलकर कित्याक होतलो? थंय परब आसत, केळुसकर आसत."

"आणि केळुसला केळुसकर?"

"खुळे काय? केळुसात कित्याक आसतील?"

मी हे डोक्यात मांडून बघितलं. म्हणजे आडनावात गाव असेल, तर त्या गावात सोडून कुठेही शोधावं. अण्णा मात्र खूश झाले. पत्त्यात गोंधळ असला की ते नेहमीच खूश होतात.

तोंडवली बघण्यासारखीच आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये सुरूची झाडं आणि वाळूत वाळत घातलेली जाळी. तेव्हा हॉटेलं नव्हती. बाबल परब नावाच्या साठीतल्या गृहस्थांनी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या, जेवणासकट माणशी चारशे रुपये. "येवा, येवा! शेवंत्या, म्हातारबांक पाणी हाड गो," म्हणत त्यांनी अण्णांची पिशवी स्वतः उचलली. त्यांच्या बायकोने, शेवंतीवहिनींनी, बांगड्याचं तिखलं केलं होतं. तिसरा बांगडा वाढेपर्यंत आम्ही घरचेच झालो.

मग अण्णांनी विषय काढला. "माझे वडील याच गावचे. सखाराम. घरामागे उंडीची दोन झाडं होती म्हणे. तुमच्यात कोणी सखाराम होता का?"

बाबलभाऊंचा हात ताटातच थांबला. पुढचं बोलणं एकदम पुस्तकी मराठीत सुरू झालं. "सखाराम नावाची व्यक्ती आमच्या कुटुंबात कधीही नव्हती. सातबाऱ्यावर अठरा नावे आहेत. त्यात हे नाव नाही. नवीन नाव लागण्याची शक्यताही नाही."

कोकणात जमिनीच्या एका तुकड्यावर अख्खी वंशावळ लटकलेली असते आणि सगळ्यांच्या सह्या मिळाल्याशिवाय त्यातला माडसुद्धा हलत नाही. मुंबईहून आलेला म्हातारा वडिलांचं नाव काढतो म्हणजे एकोणिसावा हिस्सेदार आला, एवढाच त्याचा अर्थ. हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दारोदार फिरलो. प्रत्येक घरी लिंबाचं सरबत मिळालं आणि सखाराम नामक व्यक्ती अस्तित्वात नसल्याचं लेखी वाटावं इतक्या शुद्ध भाषेत सांगण्यात आलं. एकाने तर आपल्याला चुलते नव्हते, भाऊही नव्हते, असं सांगून टाकलं. शेजारी नारळ सोलत बसलेल्या त्याच्याच तोंडावळ्याच्या माणसाने मान वर न करता दुजोरा दिला, "मी ह्येंचो भाव न्हय." आम्ही त्याला काही विचारलंही नव्हतं. चौथ्या घरानंतर अण्णा एका पारावर बसले. चेहरा उतरला होता. "संध्या, मला जमीन नको गं," म्हणाले, "एवढं कोणाला कसं सांगू?" सांगून झालंच होतं, चारही घरी. जमीन नको म्हणणारा माणूस गावाला जास्तच धोक्याचा वाटला होता.

तिसऱ्या दिवशी निघायचं होतं. सकाळी नारळाच्या रसाबरोबर घावणे खाल्ले. अण्णांना रिकाम्या हाताने परत नेणं मला जिवावर आलं होतं. बाबलभाऊंनी पाहुण्यांची वही पुढे केली. अण्णांनी सवयीने 'के. एस.' लिहिलं.

"पुरां नाव होयां," बाबलभाऊ म्हणाले. "पोलीसपाटील वही बघता."

अण्णांनी एक सुस्कारा सोडला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: कोंडाजी सखाराम तोंडवलकर.

बाबलभाऊंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते ओसरीवर बसलेच, आणि इतके हसायला लागले की वहिनी हातातली कालथी घेऊन बाहेर धावल्या. "शेवंत्या! ह्यो तो! इकलेलो!"

"विकलेला?" मी म्हटलं.

मालवणी परत आली होती, म्हणजे धोका टळला होता. बाबलभाऊंनी जे सांगितलं ते असं. सखाराम त्यांच्या आजोबांचा धाकटा भाऊ, परबच. या दोन खोल्या काढल्या त्याच घरातला. त्याची पहिली तीन मुलं पाळण्यातच गेली. चौथा झाला तेव्हा बाळंतिणीने बाराव्या दिवसाची वाट न बघता मूल शेजारच्या केळुसकरांना विकलं. मोल म्हणून सूपभर कोंडा घेतला आणि पोराचं नाव कोंडाजी ठेवलं. मरणाला वाटावं की हे पोर या घरचं नव्हे आणि नेण्याच्या लायकीचंही नव्हे, अशी ती रीत. मूल वाढायचं आईपाशीच, पण पाच वर्षांचं झालं की कोंडा परत देऊन सोडवून आणायचं. सखाराम मात्र पोर दोन वर्षांचं असतानाच बायकोमुलासह मुंबईला गेला. कोंडा परत द्यायचा राहून गेला.

"म्हणजे तुमी आमच्या घरात जल्माक इलात," बाबलभाऊ आनंदाने म्हणाले, "पण आमचे न्हय. केळुसकरांचे! हिश्शाचो प्रश्नच नाय."

दोन दिवस अण्णा आपल्याच घरात माणशी चारशे रुपये देऊन राहिले होते, याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. हळूच म्हणाले, "म्हणजे आईने मला कोंडा म्हटलं ते…" आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसले.

शेवंतीवहिनींना नवऱ्याचं हसणं आवडलं नव्हतं. त्या आत गेल्या आणि सुपात कोंडा घेऊन आल्या. भाताच्या गिरणीतून म्हशीसाठी आणलेला होता. "चला," त्या अण्णांना म्हणाल्या, "तुमका सोडवन हाडूया. काय ता एकदाचा होऊन जांवदे." बाबलभाऊंचा चेहरा पडला, पण रितीला नाही कसं म्हणणार? ते मागून पुस्तकी मराठी पुटपुटत आले.

केळुसकरांचं घर मासेमारांचं, समुद्राकडे तोंड करून. अंगणात तानीमाय नावाची नव्वदीला टेकलेली म्हातारी सुके बांगडे निवडत होती. अण्णा जन्मले त्या वर्षी ती तेरा वर्षांची नवी सून होती आणि कोंड्याचं सूप तिनेच परबांच्या दारात नेऊन ठेवलं होतं. बाबलभाऊंनी ओरडून सगळं सांगितलं. तिने अण्णांना जवळ बोलावलं, हनुवटी धरून तोंड इकडून तिकडे फिरवलं आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला सरळ खडसावलं, "इतके दिस खंय हुतंस रे, कोंड्या?"

"मुंबईत," अण्णा म्हणाले. आवाज सहा वर्षांच्या पोराचा.

वहिनींनी सूप पुढे केलं. "तानीमाय, ह्यो तुमचो कोंडो. आता आमचो माणूस आमका देवा."

तानीमायने सूप दोन्ही हातांनी परत लोटलं. "दिवचंय नाय."

"अगो, रीत आसा ती," बाबलभाऊ म्हणाले. का म्हणाले देव जाणे, त्यांना तर तेच हवं होतं.

"रीत माका शिकव नको. ह्येच्या तीन भावांक यम घेवन गेलो. ह्येका सोदूक परबांच्या दारात कितीदा इलो आसतलो, थंय ह्यो झील ताका गावलो नाय. सत्तर वर्सां ताका आमच्या दारात बघूक सुचला नाय. आता कोंडो देवन तुमीच ताका पत्तो सांगतलास?" मग तिने अण्णांच्या छातीवर हात ठेवला. झटक्याबद्दल तिला कोणी काहीही सांगितलं नव्हतं. "ऱ्हव दे हय. इकलेलोच बरो तू."

अण्णा हसले. दवाखान्यातून आल्यापासून असे हसलेले मी बघितले नव्हते. हसता हसता डोळे भरून आले आणि मग माझेही. कोंडा पुन्हा म्हशीकडे गेला. तानीमायने सुक्या बांगड्यांची पुडी बांधून दिली, वर ताकीद, "परबांक दी नको." बाबलभाऊंनी दोन दिवसांचे पूर्ण पैसे लावले. विकलेल्या माणसाला सवलत नसते, हे त्यांचंही खरंच होतं.

परतीच्या प्रवासात मी हिशेब मांडला: जन्माने परब, मोलाने केळुसकर, कारकुनाच्या कृपेने तोंडवलकर. माझी दोन नावं त्यापुढे काहीच नव्हेत. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की मला यापुढे संध्याच म्हण. तो म्हणाला, ताटभर तांदूळ परत दे. अजून वाद चालू आहे.

पंधराव्या दिवशी अण्णा मला घेऊन पाटीवाल्याकडे गेले.

"कळलं का आडनाव, आजोबा?"

"कळलं. तीन निघाली. त्यातलं चुकीचं टाका, तोंडवलकर. पण माझं नाव पूर्ण हवं, कोंडाजी. मोठ्या अक्षरात."

पाटीवाला माझ्याकडे बघायला लागला. "चुकीचं कशाला पितळेत कोरायचं?"

अण्णांनी खिशातून चष्मा काढला, कागदावर अक्षरं तपासली आणि समाधानाने मान हलवली. "छत्तीस वर्षं टपालात काढली मी," ते म्हणाले. "पत्ता चुकीचा असला की पत्र किती वर्षं फिरत राहतं, ते मला विचारा."