आत्याचे दोन हेडफोन

आमच्या आत्याला ऐकण्याचा पगार मिळतो. एवढंच सांगितलं की लोक हसतात, म्हणून पुढचंही लगेच सांगून टाकते. दृष्टिहीन लोकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी एक संस्था आहे. तिथले वाचक वाचतात, आणि ते रेकॉर्डिंग बाहेर जाण्याआधी आत्या पुस्तक मांडीवर घेऊन, कानाला हेडफोन लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ऐकते. कुठे ओळ गाळली, कुठे पान उलटल्याचा आवाज आला, कुठे वाचणाऱ्याच्या पोटात गुरगुरलं, तिच्या कानातून काही सुटत नाही. लग्न तिने केलं नाही. आजोबा गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि मागची खोली तिची झाली.

घरात तिच्या कानांपुढे कुणाचं काही चालत नाही. मी माझ्या खोलीत दार लावून फोनवर कुजबुजले, तरी जेवताना ती त्यावर सल्ला देते. बाबा म्हणतात, "हिच्यासमोर मनातल्या मनात बोलायचीसुद्धा सोय नाही."

संस्थेचे जुने, डोकं आवळणारे हेडफोन तिने वर्षानुवर्षं वापरले. मग एकदा तिने मनावर घेतलं आणि स्वतःसाठी नवा घ्यायला दुकानात गेली. मी सोबत होते, त्यामुळे त्या दुकानदाराची मला अजून कीव येते. तो म्हणाला, "मावशी, एखादं गाणं लावून दाखवू का?" आत्या म्हणाली, "गाण्यात सगळं खपून जातं. बोलणं लाव." मग तिने अर्धं दुकान उघडायला लावलं आणि शेवटी एक काळा, मऊ गाद्यांचा हेडफोन उचलला. घरी किंमत ऐकून बाबा खालीच बसले.

पहिले काही दिवस ती नुसती हरखून गेली होती. "अगं, मास्तर मध्येच चष्मा काढून पुसतात ना, तेसुद्धा कळतं यात!" मास्तर म्हणजे संस्थेचे नवे वाचक. शाळेतून निवृत्त झालेले, आवाज असा की वाण्याची यादी वाचली तरी ऐकत बसावं. एका जाडजूड कादंबरीचं काम त्यांच्याकडे होतं, आणि तेव्हा आत्या फक्त तीच ऐकत होती.

मग हळूहळू आत्या गप्प झाली. मी फोनवर काय वाटेल ते बोलले, तरी जेवताना तिचा सल्ला आला नाही.  शेवटी चहा घेऊन मी तिच्या खोलीत गेले, तर बाई हेडफोन मांडीत घेऊन भिंतीकडे बघत बसलेल्या.

"काय झालं?"

"काही नाही." मग स्वतःच म्हणाली, "माझ्या कानात शिट्टी वाजते गं. बारीक. ऐकायला बसले की वाजायला लागते, आणि हल्ली एरवीही वाजल्यासारखी वाटते."

"मग डॉक्टरकडे जाऊ या."

"तो म्हणेल, वय झालं. ते ऐकायला कशाला जाऊ?" तिचे डोळे भरून आले. "कान गेले तर मी काय करू? मला दुसरं येतं काय?"

 आत्याला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

खापर तिने नव्या हेडफोनवर फोडलं. एवढा स्वच्छ आवाज म्हणे कानाला सोसत नाही. तो खोक्यात गेला, खोकं कपाटात गेलं आणि त्यावर जुने स्वेटर चढले. मग तिने बँकेबाहेरच्या फुटपाथवरून एक निळा हेडफोन आणला. त्याच्याइतकी भिकार वस्तू आमच्या घरात आजवर आली नसेल. रबराचा वास यायचा. वायर चिमटीत धरली तरच उजवी बाजू बोलायची. त्यातून मास्तर ऐकले, तर ते पत्र्याच्या ट्रंकेत बसून वाचताहेत असं वाटायचं.

पण दुसऱ्याच दिवशी आत्या स्वयंपाकघरात धावत आली. "शिट्टी थांबली! बघ, मी म्हणत नव्हते?"

मला आनंद झाला, पण मनात किडा वळवळायला लागला. "आत्या, कानातली शिट्टी काय हेडफोन बघून वाजते?"

"म्हणजे?"

"शिट्टी तुझ्या कानात असेल, तर ती या निळ्यातही वाजायला नको का?"

तिने मला खाऊ की गिळू असं बघितलं. मग कपाट उघडलं. काळा हेडफोन लावून मास्तरांचं एक पान ऐकलं, चेहरा पडला. "आहे." निळा लावला. "नाही." परत काळा लावला, पण या वेळी एका जुन्या वाचकबाईंचं रेकॉर्डिंग सुरू केलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली, आणि तिचे खांदे एकदम सैल पडले. "नाही! अगं, यात नाही!"

मी तिच्या डोक्यावरून काळा हेडफोन काढला आणि मास्तरांचं पान स्वतः ऐकलं. दोन घरं पलीकडे किटली शिट्टी देत असावी, तसा बारीक सूर मागे चालू होता. निळ्याची तो पकडण्याची लायकीच नव्हती.

"मलाही ऐकू येते आहे, आत्या. हे आधीच माझ्या कानाला लावून दाखवायला काय झालं होतं?"

 ती पलंगावर बसली, आधी हसली, मग रडली, आणि मग "माझे कान ठणठणीत आहेत!" म्हणत घरभर फिरली. बाबा म्हणाले, "अरेरे. मला वाटलं, आता जरा मोकळेपणी बोलता येईल." पण हे म्हणताना त्यांनी तिचा हात धरून ठेवला होता.

मग मास्तरांच्या रेकॉर्डिंगमध्ये शिट्टी आली कुठून, हे शोधायला आम्ही दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेलो. काचेपलीकडे मास्तर वाचत होते. कानांवर हेडफोन, त्याखाली कानांवर विंचरून आणलेले लांब केस. काचेअलीकडे आत्याने आपला काळा हेडफोन लावला. शिट्टी चालू होती. इतक्यात मास्तरांनी कान खाजवायला हेडफोन एका बाजूने उचलला आणि शिट्टी बंद. त्या केसांखाली आत्याला कातडीच्या रंगाचं छोटंसं काहीतरी दिसलं.

तिने रेकॉर्डिंगवाल्याला चहा आणायला पिटाळलं, हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला आणि आत गेली. माईक चालूच होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"मास्तर, कानातलं मशीन काढून ठेवा. वरून हेडफोन दाबला की ते शिट्टी मारतं."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला तर शिट्टी कधी ऐकू आली नाही हो." मग अगदी हळू म्हणाले, "ताई, कुणाला सांगू नका. बहिऱ्या माणसाला वाचायला कोण ठेवील? शाळा सुटल्यापासून मला हेच एक उरलंय."

 असंच वाक्य मी घरी, मागच्या खोलीत आत्याच्या तोंडून ऐकलं होतं.

"वाचायला तोंड लागतं, मास्तर," आत्या म्हणाली. "ऐकायला मी आहे ना. मशीन काढा, हेडफोनचा आवाज वाढवा, म्हणजे बाहेरून काही सांगितलं तर कळेल. आणि तुमच्या त्या शिट्टीपायी मी स्वतःलाच बहिरी समजून बसले होते, त्याचं काय?"

 मास्तर इतके हसले की मला हेडफोन कानापासून दूर धरावा लागला. आता हा किस्सा ते स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगतात, म्हणून मीही सांगते आहे. कादंबरी त्यांना पुन्हा पहिल्या पानापासून वाचावी लागली. रेकॉर्डिंगवाल्याने कपाळावर हात मारला, पण मास्तरांना दुप्पट वाचायला मिळालं म्हणून ते खूशच होते.

नव्याने वाचलेला पहिला भाग आला, तेव्हा आत्या काळा हेडफोन लावून बसली. निळा तिने टाकला नाही, तो खिळ्याला लटकत होता. मी दारात उभी होते. वाचन सुरू होण्याआधी रेकॉर्डिंगमध्ये थोडा वेळ शांतता असते, तेवढ्यात तिने डोळे मिटले आणि श्वास रोखला.

"काहीच ऐकू येत नाही!" ती ओरडली.

बाबा हातातला पेपर टाकून घाबरेघुबरे धावत आले, तर आत्या पलंगावर बसून डोळे पुसत हसत होती. "काहीच ऐकू येत नाही रे, दादा!"

आणि मग तिने आम्हा दोघांना हाताने गप्प बसायची खूण केली, कारण मास्तर वाचायला लागले होते.