राखाडी शर्टांचा गठ्ठा

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे तिला अक्का म्हणत. कॉलर शिवावी तर अक्कानेच, असं मास्तर येईल त्याला सांगायचे. मग शेजारच्या मशीनवर कॉलरीसाठीच आणखी एक जण आली, नि मास्तर तिचंही कौतुक करू लागले. तेव्हापासून अक्काच्या पोटात दुखायला लागलं. वर्षं लोटली तरी अक्का तिला 'नवी'च म्हणायची.

नवीचा दोरा तुटला की अक्का मनात म्हणे, 'हातच जड हिचा.' स्वतःचा तुटला की, 'दोराच कुजका मेला.' नवी हसली तर मास्तरांना मस्का, गप्प बसली तर शिष्टपणा. घरी नवऱ्यापुढे रोज हेच दळण.

"अगं, कधीतरी काही बरं करत असेल की ती!"

"दिसलं तर सांगेन ना!"

एकदा राखाडी शर्टांचा गठ्ठा परत आला. कॉलरींची टोकं वाकडी. मास्तरांनी विचारलं, "अक्का, कोणाचं हे काम?"

अक्काने दोनचार शर्ट उलटसुलट केले. "हिचंच. टाके बघा ना, कसे घाईघाईत मारलेत. डोळे मिटून सांगेन."

नवीचा चेहरा उतरला. "अक्का, राखाडी शर्ट शिवले त्या आठवड्यात मी नव्हतेच. वडील दवाखान्यात होते ना."

शेजारची ती रिकामी खुर्ची अक्काला लख्ख आठवत होती. केवढ्या खुशीत होती ती स्वतः तेव्हा! सगळं ठाऊक असून गठ्ठा बघताना ते डोक्यात आलंच नव्हतं.

"मग माझंच काम आहे, मास्तर," ती म्हणाली. नवीकडे न बघताच पुटपुटली, "चुकलं गं माझं."

"चला, दोघी मिळून उसवू," म्हणत नवीने अर्धा गठ्ठा ओढला.

'आली मोठेपणा मिरवायला,' असं अक्काच्या मनात आलंच. आलं नि तिची तिलाच लाज वाटली. उसवता उसवता तिने विचारलं, "वडील कसे आहेत आता?"

"थोडं चालतात."

आता दोघी कॉलरीला आतून खडूने आपापली खूण करतात, सगळा ढीग एक करतात, आणि खोट सापडल्यावरच आत बघतात. ही युक्ती अक्काचीच. खूण नवीची निघाली की अक्काला अजून गुदगुल्या होतात. हसू लपवायला जाते, पण जमत नाही.