हद्दीबाहेरची आई

ठाण्यातली भाड्याची खोली सोडून आम्ही दिवा स्टेशनच्या पुढे फ्लॅट घेतला, तेव्हा सगळ्यात जास्त खूश बाबा होते. इमारतीमागून नाला वाहतो. त्याच्या एका बाजूला एक महापालिका, दुसऱ्या बाजूला दुसरी. आमचं गाव मधल्यामध्ये लटकलेलं, कधी पालिकेत घेतलेलं, कधी वगळलेलं. ग्रामपंचायतीच्या कचेरीला कुलूप लागलं, पण त्या जागी पालिकेचा बोर्ड काही आला नाही. मी कुरकुर केली की बाबा म्हणायचे, "अरे, शहर एवढं वाढतंय. आपल्यालाच सोडून जाणारे का ते?"

आई गेली ती सकाळी, पूजेची फुलं निवडता निवडता. खुर्चीतच मान कलली. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी येऊन तपासलं, कागद लिहून दिला. मी शववाहिनीसाठी फोन लावला. पहिल्या पालिकेतल्या माणसाने पत्ता ऐकला आणि म्हणाला, "साहेब, हे आमच्या हद्दीत येत नाही." दुसरीकडे लावला.

"घरपट्टी कुठे भरता?"

"दोन वर्षं बिलच आलेलं नाही."

"मग मी गाडी कुठल्या नावावर पाठवू?" त्याचा आवाज मवाळ होता. त्यालाही वाईट वाटत असावं, आणि त्याने फोन ठेवला.

तळमजल्यावरचे आजोबा मूळचे गावातले. आमची इमारत त्यांच्याच भातशेतावर उभी आहे. ते जिना चढून आले, आईच्या पाया पडले आणि बाबांना म्हणाले, "बाईला ताटकळत नको ठेवू. आमच्या मसनात नेऊ." त्यांच्या भावकीतल्या माणसांनी टेम्पो आणला, लाकडं रचली. खाडीकाठी चार खांबांवर पत्रे टाकलेले, एवढंच ते स्मशान. चिता पेटल्यावर आजोबा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "माझी पण हितंच व्हायची होती," ते म्हणाले. "आता नवीन रस्त्यात जातंय ह्ये. खुणा करून गेलेत."

पुढे मृत्यूचा दाखला काढायला गेलो, तर स्मशानाची पावती मागितली. गावच्या स्मशानात कोण पावती देणार? बाबा शाळेत क्लार्क होते, अर्जांवर त्यांचा विश्वास. वळणदार अक्षरात ते अर्ज लिहीत राहिले, एक इकडे, एक तिकडे. एकदा मीही सोबत गेलेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी फाइल नीट वाचली, हे खरं.

"काका, तुमच्या गावाचं ठरलं की लगेच नोंद होईल."

"आणि ठरणार कधी?"

"ते वरून ठरतं."

बाबांनी त्यांना नमस्कार केला. खाली उतरताना मधल्याच पायरीवर बसले. "चाळीस वर्षं दाखले लिहिले रे मी. एका पालकाला कधी दुसऱ्यांदा यायला लावलं नाही." मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. लोक आम्हाला वळसा घालून वर जात होते.

निवडणुकीआधी मतदाराच्या चिठ्ठ्या वाटायला एक मुलगी आली. आईच्या नावाचीही चिठ्ठी होती. "आजींना सही करायला बोलवा ना," ती म्हणाली. बाबा आत निघून गेले. मीच तिला सांगितलं, तर ती ओशाळून म्हणाली, "मग दाखल्याची झेरॉक्स द्या, नाव कमी होईल."

त्यानंतर बाबा कुठल्याच कचेरीत गेले नाहीत. मी वकिलाकडे जाऊया म्हटलं, "राहू दे" म्हणाले. यंदा तळमजल्यावरचे आजोबा गेले. तोवर खाडीकाठी पत्र्यांच्या जागी भराव पडलेला. त्यांना कुठे न्यायचं यावर इमारतीच्या अंगणात दुपारपर्यंत फोनाफोनी चाललेली आणि शेवटी कल्याणला नेलं. बाबा गॅलरीतून बघत होते, खाली आले नाहीत.

त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "मला गावी ने हं. कोकणात."

गावी आता आमचं कोणी नाही, घराचा चौथराही उरलेला नाही. त्यांना ते माहीत आहे. मी "हो" म्हणालो आणि त्यांना भात वाढला.