तळघराचा स्विच वरच्या मजल्यावर

दादाच्या फुफ्फुसांत दगडाची धूळ बसली होती. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो फरश्या घासण्याच्या कारखान्यात होता. नाकाला रुमाल बांधून त्यानं उमेदीची वर्षं काढली, आणि रुमालातून जे आत गेलं ते पुन्हा बाहेर आलं नाही. आई-वडील गेल्यावर धाकट्या बहिणीला त्यानंच वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं, आणि ते लग्न मोडल्यावर एका शब्दानं काही न विचारता तिला परत घरात घेतलं. आता त्याला सांभाळायची पाळी तिची होती. ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. तिथले लोक तिला इस्त्रीताई म्हणत.

दोघं एका तळघरात राहायचे. तीन मजली घराखाली गाडी ठेवायची जागा होती. ती विटांनी बुजवून मालकानं दोन खोल्या काढल्या होत्या. खिडकी म्हणजे छताला लागून एक फट. तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे नुसते पाय दिसायचे. दादा दिवसभर पडल्या पडल्या पायांवरून माणसं ओळखायचा आणि संध्याकाळी बहिणीला बातम्या द्यायचा. "आज समोरच्या म्हाताऱ्यानं नवे बूट काढलेत. कुठंतरी सोयरीक बघायला चाललाय बघ."

त्याच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन असायचं. ते विजेवर चालायचं आणि रात्रंदिवस चालू ठेवावं लागायचं. वीज गेलीच तर हाताशी असावा म्हणून एक छोटा सिलिंडर होता.

अख्ख्या घराला मीटर एकच होता, तोही मालकाच्या दिवाणखान्यात. सगळ्या मजल्यांचे स्विचही तिथंच. बिल आलं की कुणाच्या वाट्याला किती ते मालक ठरवायचा, आणि बिल कधी कुणाला दाखवायचा नाही. गच्चीवर पत्रे ठोकून केलेल्या खोलीत एक टेम्पोवाला राहायचा. त्यानं मालकाचं नाव मेनस्विच ठेवलं होतं. "मेनस्विच आज गरम आहे, जपून," असं तो जिन्यात भेटला की इस्त्रीताईच्या कानात सांगायचा.

त्या वर्षी मालकाच्या मुलानं मागच्या अंगणात बर्फ करायचं यंत्र बसवलं. ते त्याच मीटरवर. बिल वाढलं तसा मालक तळघरात आला.

"बाई, तुमचं मशीन चोवीस तास चालतं. माझं दिवाळं निघायची वेळ आली."

"मशीनची वीज मी देतेच की, काका. पण बर्फाची कोण देणार?"

हे सगळ्यांच्या मनात होतं, पण तोंडावर कुणी बोललं नव्हतं. मालकाचा चेहरा उतरला. तो तसाच वर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामावर असताना तळघराची वीज गेली. बाकीच्या घरात दिवे होते. दादानं चाचपडत सिलिंडर लावला. तो संपत आल्यावर त्यानं दारापर्यंत जाऊन हाक मारायचा प्रयत्न केला. हाक मारायला छातीत दम लागतो, तो कुठून आणणार? संध्याकाळी ती परतली तेव्हा तो पायऱ्यांवर बसला होता. ओठ निळे पडलेले, एका हातानं कठडा घट्ट धरलेला. टेम्पोवाल्यानं त्याला पाठुंगळी घेऊन इस्पितळात पोचवलं.

मालक म्हणाला, "फ्यूज उडाला असेल. जुनं घर आहे." नंतर वीज जायचं प्रमाण वाढलं. कधी तासभर, कधी सबंध दुपार. ती हात जोडायला वर गेली की मालकीणबाई दारातूनच सांगायच्या, "हे झोपलेत." कामावर इस्त्री फिरवताना तिचं लक्ष सारखं घड्याळाकडे जायचं. दोनदा तिनं चादर करपवली. मुकादम चांगला माणूस होता, पण तोही किती दिवस सांभाळून घेणार?

तिनं दुसरी खोली शोधली नाही असं नाही. मशीनचं नाव काढलं की घरमालकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. एकजण तर म्हणाला, "उद्या काही बरंवाईट झालं तर माझी खोली कोण घेईल?"

ती वीज कंपनीच्या कचेरीत गेली. तिथल्या माणसानं संगणकात पाहिलं आणि सांगितलं, "या पत्त्यावर तळघर नाहीच."

"मग मी राहते कुठं?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

त्यानं तिला नगरपालिकेत पाठवलं. तिथं टेबलामागे एक बाई होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, तक्रार घ्यायला मी बसलेच आहे. पण आमची माणसं आली की आधी काय करतील, तर तळघराला सील ठोकतील. मालकाचं पुढं काय व्हायचं ते होईल. रस्त्यावर आधी तुम्ही याल."

इस्त्रीताई तक्रार न करताच परतली. त्याच आठवड्यात वीज पुन्हा गेली आणि दादा पुन्हा इस्पितळात गेला. डॉक्टर म्हणाले, असं आणखी एकदा झालं तर सांगता येत नाही. त्याला घरी आणून ती तशीच उलटपावली नगरपालिकेत गेली.

"लिहून घ्या," ती म्हणाली.

"विचार केलात ना?"

"विचार करून करून डोकं फुटायची वेळ आलीय. लिहून घ्या."

घरी तिनं दादाला काही सांगितलं नाही. सांगायला तिला तोंडच नव्हतं.

तपासणीची खबर मालकाला आधीच लागली. आदल्या दिवशी तो तळघरात आला आणि खुर्चीवर बसला. याआधी तो तिथं कधी बसला नव्हता.

"कुणीतरी कळ लावलीय," तो म्हणाला. "जाऊ द्या. बाई, मी माणूस वाईट नाही. उद्या खाट हलवू, इथं पोती रचू. तुम्ही दोघं वर आमच्याकडे बसा. आमचे नातेवाईक, औषधपाण्यासाठी आलेत, एवढंच सांगायचं. मग मी तुम्हाला वेगळा मीटर बसवून देतो. शब्द देतो."

सील लागलं की काय होईल, हे तिनं मनात पुरतं पाहिलं होतं: फुटपाथ, गादी, आणि जवळपास कुठं प्लग नाही. तिनं मान हलवली. जी तक्रार तिनंच केली होती ती खोटी पाडायला ती तयार झाली.

सकाळी मालक आणि त्याच्या मुलानं दादाला खुर्चीवरून वर नेलं. मालकीणबाईंनी त्याच्या पाठीशी लोड ठेवला, चहा दिला. मशीन मालकाच्याच भिंतीतल्या प्लगला लावलं. दिवाणखान्यात मोठी खिडकी होती. दादा बाहेरच्या उजेडाकडे डोळे बारीक करून बघत राहिला.

तपासनीस आला तो थेट तळघरात उतरला. पोती बघून वर आला.

"हे कोण?"

"आमच्या नात्यातले," मालक म्हणाला. "तब्येत बरी नसते."

तपासनीसानं इस्त्रीताईकडे पाहिलं. तिनं खाली मान घातली आणि म्हणाली, "हो."

तेवढ्यात दादानं नाकातली नळी जरा बाजूला केली. "साहेब," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द येईपर्यंत सगळे थांबले. "मी खाली राहतो. ही माझी बहीण. यांचं-आमचं नातं नाही. हे वीज बंद करतात."

तपासनीस पुन्हा खाली गेला, त्यानं पोती बाजूला करायला लावली, तर मागं चूल, भांडी आणि दोरीवर बहिणीची साडी. मग त्यानं अख्खं घर बघायचं ठरवलं आणि गच्चीवर गेला.

दुपारपर्यंत तळघराला सील लागलं आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीलाही.

सामान रस्त्यावर काढत असताना तिचा तोल सुटला. "गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं, दादा? मी सगळं जमवून आणलं होतं."

"बये," तो म्हणाला, "वेगळा मीटर तो कधी देणार नव्हता. परत स्विच बंद झाला असता. आणि तू कामावर असतीस."

तिला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. मशीन बंद होतं आणि सिलिंडर किती पुरेल ते सांगता येत नव्हतं. टेम्पोवाला आपली ट्रंक घेऊन खाली आला. त्याचा चेहरा तिनं असा कधी पाहिला नव्हता.

"तक्रार तुम्ही केली ना, ताई?"

"हो."

"मला एका शब्दानं सांगायचं. मी आधीच कुठंतरी बघितलं असतं. माझं कुणाशी भांडण नव्हतं."

तरी त्यानं दादाची गादी टेम्पोत टाकली, दादाला उचलून वर निजवलं आणि दोघांना इस्पितळात पोचवलं. वाटेत तो दादाशी बोलला, तिच्याशी नाही.

मुकादमानं खटपट करून वॉर्डात एक खाट मिळवून दिली. दिवसा ती खाली चादरी इस्त्री करायची, संध्याकाळी वर येऊन त्यातल्याच एका चादरीवर निजलेल्या भावाला भरवायची. खाट सोडा म्हणून रोज कुणीतरी सांगून जायचं. अखेर शहराच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या मीटरची खोली मिळाली. भाड्यात तिच्या पगाराचा मोठा भाग जायचा. धुलाईघरातल्या दोघांनी दादाला खुर्चीवरून जिना चढवला. तो परत उतरणार नाही हे त्यांनाही कळत होतं.

तिथं वीज कधी गेली नाही. तरी उन्हाळा संपायच्या आत दादा गेला. फुफ्फुसांतच काही उरलं नव्हतं. मालकानं दंड भरला आणि सुटला. तळघरात आता त्याच्या मुलाचं बर्फाचं यंत्र आहे, असं तिला कुणीतरी सांगितलं.

दादा गेल्याचं सांगायला ती टेम्पोच्या तळावर गेली. टेम्पोवाल्यानं तिला पुढच्या सीटवर बसवलं. मागं त्याचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं, आरसा आणि दाढीचं सामान फळीवर. तो अजून टेम्पोतच राहत होता.

"आधी कळवायचं होतंत," तो म्हणाला. "खांदा द्यायला आलो असतो."

"कुठल्या तोंडानं कळवू?"

त्यानं स्टिअरिंगवर बोटं फिरवली. "राग गेलेला नाही, ताई. खोटं कशाला बोलू?"

"जाऊ नकोच देऊस," ती म्हणाली. "माझी खोली आता मोठी पडते. मध्ये पडदा लावता येईल."

"तुमच्यासमोर रोज बसलो तर तो दिवस रोज आठवेल. मला जमायचं नाही."

ती उतरायला लागली तेव्हा त्यानं तिला थांबवलं. तिच्या बाजूची शेवटची बस गेली होती. त्यानं टेम्पो चालू केला आणि शहराच्या टोकापर्यंत तो तिला सोडायला गेला.