किसनरावांचा ट्रॅक्टर आणि माझा खिशातला कॅमेरा

“ट्रॅक्टर पुरा दिसला पाह्यजे, ताई. चाकासकट!” तलमडुगूच्या शेतात पाय टाकताच किसनरावांनी मला बजावलं.

त्यांच्या मुलीचा, वनिताचा, स्थळासाठी फोटो काढायचा होता. वनिता शाळेत टीचर. तिनं मला बाजूला ओढलं. “ताई, ट्रॅक्टर दिसू देऊ नका. आधीच्या दोन्ही स्थळांनी फोटो पाहून पयले ट्रॅक्टरच इचारला. पोरीसोबत देता का म्हणे! मी काय ट्रॉली आहो का?”

आता आली का पंचाईत! बापाला ट्रॅक्टर हवा, लेकीला नको. मला मनातून लेकीचंच पटलं.

महाराष्ट्राच्या सीमेवरचा आमचा जिल्हा तेव्हा आंध्रात होता. मावला गावात माझा फोटो स्टुडिओ. मोठा कॅमेरा रिपेअरला हैदराबादला गेलेला. हातात होता तो खिशात मावणारा डिजिटल. मोठ्या कॅमेऱ्यानं बॅकग्राउंड ब्लर करणं सोपं. या छोट्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, नखाएवढा. त्यामुळे जवळचं-लांबचं सगळंच लख्ख येतं. झूम मात्र चांगला लांबचा होता.

वनिताला आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ट्रॅक्टरला चिकटून उभं केलेलं. मडगार्डवर हात. फोटो काढला, तर नंबरप्लेटसुद्धा वाचता येत होती! मग फुलाचं चिन्ह असलेला मॅक्रो मोड लावला आणि अगदी जवळ गेले. मागचं जरा पुसट झालं, पण वनिताचं नाक भज्यासारखं फुगलं.

“हा पाठवला तर ट्रॅक्टर देऊनबी कोणी नेणार नाई,” ती म्हणाली. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

उरला एकच उपाय. झूम पुरता लांबवायचा, माणूस जवळ ठेवायचं आणि मागची वस्तू जमेल तेवढी दूर न्यायची.

“काका, ट्रॅक्टर मागं घ्या. फोटोत पुरा मावून नाई राह्यला.”

“इथं?”

“अजून!”

किसनराव ट्रॅक्टर घेऊन कपाशीच्या कडेकडेनं पार पल्याडच्या बांधावर पोचले. तिथून ओरडले, “आता का पार बोथ गावाला नेऊ का?”

वनिताला हसू फुटलं. मी झूम लांबवला, चेहरा-खांदे बसतील इतकी मागं सरले, हात हलू नये म्हणून श्वास रोखला आणि क्लिक केलं. मागं कपाशीच्या बोंडांचे पांढरे ठिपके, चाकं हिरव्यात बुडालेली, वर एक लाल डाग.

“माहा ट्रॅक्टर कुठी गेला?” स्टुडिओत प्रिंट पाहून किसनराव तडकले.

“हा काय, लाल.”

“आन् मी?”

“त्या लालावरचा पांढरा ठिपका.”

ते फणफणले. पण त्यांचा साळा संध्याकाळच्या बसनं फोटो घेऊन किनवटला मुलाकडं निघालेला. दुसरा काढायला वेळच नव्हता.

पंधरवड्यानं मुलाकडचे आले. वनितानं मलाही बोलावलं. पोहे खाता खाता मुलगा तिला म्हणाला, “एक इचारू का? आमच्याकडं गुलमोहर उन्हाळ्यात फुलते. तुमच्या वावरात दिवाळीत कसा फुलला?”

किसनराव ताडकन उठले. “गुलमोहर नाई जी, ट्रॅक्टर हाय तो! आन् त्याच्यावर मी बसलो हावो!”

मुलाचे कान लाल झाले. “माफ करा, तिकडं एवढं ध्यान नाई गेलं.”

वनितानं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच मान डोलावली. ठरलं! मला इतका आनंद झाला की पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले.

तर सांगायचं काय, छोट्या कॅमेऱ्यानंही बॅकग्राउंड ब्लर होतं. फक्त जे पुसट करायचं ते लांब न्यावं लागतं, आणि ते चालवत नेणारा बाप लागतो.