वाकडी टरबुजं

"हे माझ्या रानातलं न्हाय," भागवतराव म्हणाले.

त्यांच्या पायाशी एक टरबूज होतं. गडद हिरवं, बिनपट्ट्याचं. शेजारच्या वेलीवरचं लांबट आणि पट्ट्यांचं होतं. पुढं पुन्हा दोन गडद.

"बी तुमच्याच पिशवीतलं आहे. पिशवीवर सही तुमची आहे."

"सही माझी. टरबूज माझं न्हाय. आमच्या रानात समदी गोल अन् फिकी व्हती. एक बी काळं नव्हतं."

"ते खरं असणार."

"मग नापास कसं?"

मी एका बियाणे कंपनीचा ग्रो-आउट फार्म सांभाळते. धाराशिवच्या बाहेर, माळावर. शेतकरी कंपनीसाठी बी तयार करतात. प्रत्येकाच्या बियांचा नमुना आम्ही इथं पेरतो आणि फळं धरली की किती वेली ठरलेल्या वाणाच्या निघाल्या ते बघतो. नमुना पास झाला तर कंपनी ते बी घेते. नापास झाला तर बी नष्ट करतात. चूक कंपनीची असेल तर शेतकऱ्याला भरपाई मिळते. चूक त्याची असेल तर काही मिळत नाही, आणि गावाचे बीजोत्पादनाचे प्लॉट बंद होतात. भागवतराव बेंबळीचे. तिथल्या बऱ्याच बायकांना हिवाळाभर या प्लॉटवरच काम असतं. त्यामुळं प्रश्न त्यांच्या एकट्याच्या बियांच्या लॉटचा नव्हता.

टरबूज म्हणजे पुण्याकडचं कलिंगड. त्याच्या वेलीवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. हायब्रिड बी करायचं तर आई एका वाणाची घेतात, बाप दुसऱ्या. आईच्या वेलीवरची नर फुलं रोज खुडून टाकतात. तिची मादी फुलं आदल्या संध्याकाळी कागदी टोपीनं झाकतात. सकाळी टोपी काढून बापाच्या वेलीवरचं नर फूल त्यावर फिरवतात, पुन्हा टोपी घालतात आणि देठाला लाल लोकरीचा दोरा बांधतात. हे क्रॉसिंग. ज्याला दोरा नाही ते फळ मधमाशीनं धरलेलं, म्हणजे बाप कोण ते माहीत नाही. ते तोडून टाकायचं.

या प्लॉटवर आई गोल आणि फिकी होती, बाप लांबट आणि पट्ट्यांचा. भागवतरावांना मी एवढंच सांगितलं की फळाचा आकार आणि साल आईच्या वेलीची असते. पराग कुणाचाही पडो, त्या हंगामात फळ आईसारखंच दिसतं. बाप फक्त बियांत जातो, आणि बी पेरून फळ धरेपर्यंत तो दिसत नाही.

"म्हंजे रानात बघून कायच कळत न्हाय?"

"बापाचं नाही कळत."

"मग हेड ऑफिसचे साहेब रानात यिऊन काय बघत व्हते?"

दोन दिवसांनी मी बेंबळीला गेले.

प्लॉट नांगरून झाला होता. ओढ्यापलीकडं शेजाऱ्याच्या रानात वाफ्यावर अंथरायचा मल्चिंगचा फाटका कागद अजून पडलेला होता. हिवाळ्यात त्यानं बाजारासाठी टरबूज लावलं होतं. काळपट सालीचं. अंतर नियमापेक्षा कमी होतं. आमच्या एरिया मॅनेजरनं ते पाहून चालवून घेतलं होतं, कारण फुलांना टोप्या असतातच.

भागवतरावांच्या पत्नी कौसाबाई क्रॉसिंगच्या बायकांच्या मुकादम. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. सूप थांबलं नाही.

"वाकडी धरली व्हती ताई, पहिली. एका अंगाला फुगल्याली, एका अंगाला चपटी."

"नर फुलं कमी होती?"

"थंडी लई पडली. सकाळी फूल उमलायचंच न्हाय. एका नरावर चार-चार माद्या भागवल्या."

मादी फुलाच्या तोंडाला तीन भाग असतात. पराग तिन्हींवर पुरेसा बसला तर बिया सगळीकडं धरतात आणि फळ सगळीकडून फुगतं. एकाच बाजूला बसला तर फळ त्याच बाजूला फुगतं. फळ वाकडं होतं, बिया थोड्या भरतात. पण ज्या भरतात त्या बरोबर बापाच्या असतात.

"मग हेड ऑफिसची व्हिजिट ठरली," कौसाबाई म्हणाल्या. "आदल्या दिवशी मॅनेजर आला. म्हणला, ही काय टरबुजं म्हणायची? तोडा समदी. सायबाला प्लॉट न्हाय, नवरीच दाखवायची व्हती जणू."

"दोऱ्याची तोडली?"

"दोऱ्याचीच तर वाकडी. म्हशीपुढं टाकली."

"आणि राहिली ती?"

"बिनदोऱ्याची. आमच्या हातनं टोपी घालायची ऱ्हायल्याली. ती मातर अशी गोल, की बघत ऱ्हावं." मधमाश्या एका फुलावर पुन्हा पुन्हा बसतात, पराग सगळीकडं पसरतो. "ती खुडायला निघालो तर म्हणला, मावशी, आकार एक, रंग एक, मग फरक कशाचा? बांधा दोरे. म्या म्हणलं, ही माशीची हायत. म्हणला, माशी काय बेंबळीबाहेरची हाय का?"

"तुम्ही हसलात?"

"समद्या हसल्या. म्या बी."

पंधरा-वीस बायकांनी दुपारभर दोरे बांधले. दुसऱ्या दिवशी साहेब आले, फोटो काढले, भागवतरावांच्या गळ्यात हार घातला.

निघताना कौसाबाई घरात गेल्या आणि पदरात बांधलेलं मूठभर बी घेऊन आल्या. म्हशीनं अर्धवट टाकलेल्या एका वाकड्या टरबुजातलं. भाजून खायला वाळवलं होतं.

"हे पेरून बघा. हे आमच्या हातचं हाय."

मी ते फार्मच्या कडेच्या सरीत पेरलं. फळं धरायला पावसाळा उजाडला. गडद एकही नव्हतं. सगळी लांबट, पट्ट्यांची, जशी हवी तशी.

त्यातलं एक घेऊन मी मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं. भागवतरावांच्या लॉटचा रिपोर्ट समोरच होता. नापास होण्याचं कारण लिहायचं राहिलं होतं.

"हे त्या प्लॉटवरच्या वाकड्या फळाच्या बियांचं आहे," मी म्हणाले. "बायकांचं क्रॉसिंग बरोबर होतं. जी तोडायला लावली ती चांगली होती. जी ठेवायला लावली त्यांच्यात ओढ्यापलीकडचा पराग आला."

त्यानं टरबूज हातात घेतलं. फिरवून पाहिलं.

"फ्रूट छान आहे. बी कुठून आलं?"

मी रिपोर्टातल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"ॲग्रीमेंट वाचलंय ना तुम्ही? प्लॉटवरचा एक दाणा घरी ठेवायचा नाही. आईबाप दोन्ही लाइन कंपनीच्या. कुणी दिलं ते सांगा, मी लीगलला पाठवतो. मग तुमचा पुरावा रेकॉर्डवर घेऊ."

"तुम्ही दोरे बांधायला लावले की नाही?"

"कोण म्हणतं? नाव द्या."

बी देणारीचं आणि सांगणारीचं नाव एकच होतं. ते दिलं असतं तर क्रॉसिंग बरोबर ठरलं असतं आणि कौसाबाई बियाणेचोर. मी टरबूज उचललं आणि बाहेर आले. रिपोर्टात नापास होण्याचं कारण त्यानं स्वतः लिहिलं: क्रॉसिंग निकृष्ट.

लॉट नष्ट झाला. भरपाई मिळाली नाही. बेंबळीचे प्लॉट बंद झाले. मॅनेजर आता मोठ्या विभागाला आहे.

लॉटचा निकाल सांगायला मी बेंबळीला गेले तेव्हा भागवतराव रानातच थांबले, घरी आले नाहीत. कौसाबाईंनी ऐकून घेतलं.

"मग ते टरबूज?"

"कापलं फार्मवर."

"गोड निघालं का?"

"निघालं."

"आमचंच व्हतं," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

व्हिजिटचा फोटो कंपनीच्या ट्रेनिंग हॉलमध्ये लावलेला आहे. खाली लिहिलंय, आदर्श प्लॉट. नव्या मुलांना मी त्याच्यासमोर उभं करून शिकवते की फळाचा आकार पाहून बियांची खात्री देऊ नये. ती लिहून घेतात. फोटोत फळं चांगली मोठी झालेली आहेत. दोरा बांधतात तेव्हा फळ बोराएवढं असतं, आणि ते एवढं होईपर्यंत लोकरीचा रंग उन्हानं विटतो. फोटोतले दोरे लालभडक आहेत. ते अजून कुणी विचारलेलं नाही.